गाडीचा गंजलेला पत्रा : वेल्डिंगशिवाय घरच्या घरी दुरुस्ती



गव्हाणीत ऊस पडत असतो तोवर आपल्या वाहनांकडे बघायला कुणाला सवड नसते. ट्रॅक्टर-ट्रॉली रस्त्यावर, पिकअप मजुरांच्या आणि खताच्या खेपांना, जीप गावोगाव. कारखान्याचा पट्टा पडला, टोळ्या आपापल्या गावी गेल्या, की मग गाडी धुताना मडगार्डच्या कडेला आलेला फुगा नजरेस पडतो. वरून रंग धड दिसतो, पण नखाने खरवडले की पापुद्रा निघतो आणि बोट आरपार जाते.

अशा वेळी आपल्याकडे साधारणपणे तीन प्रकार चालतात. कुणी म्हणतो, "राहू द्या, पत्राच आहे, गाडी तर चालतेय." कुणी शेजारच्या वस्तीवरचे वेल्डिंग मशीन आणतो आणि एका भोकाची चार भोके करून ठेवतो. तिसरा भोकात कागदाचा बोळा कोंबतो, वर लांबी थापतो, रंग मारतो आणि दिवाळीपर्यंत पुन्हा तोच फुगा बघतो. हे तिन्ही टाळून, वेल्डिंगला हात न लावता, घरच्या हत्यारांनी हे काम नीट कसे करता येते याबद्दल या अंकात थोडे सविस्तर लिहीत आहोत. एप्रिल-मे हे दोन महिने या कामाला उत्तम. हवा कोरडी असते आणि रंग, रेझिन चांगले वाळते. मृग लागल्यावर ओल्या पत्र्यावर केलेले काम टिकत नाही.

वेल्डिंगला आमचा विरोध आहे असे कुणी समजू नये. चांगल्या गॅरेजमध्ये गॅसने किंवा सीओटू मशीनने पातळ पत्रा सुबक जोडला जातो आणि तो जोड सर्वांत पक्का. पण आपल्या शेतावर असते ते काडीचे वेल्डिंग. त्यावर फाटक, नांगराचा फाळ, अँगलचा मांडव होतो. गाडीच्या अंगाचा पत्रा बहुधा एक मिलिमीटरच्या आतबाहेर, त्यात गंजून अर्धा उरलेला. काडी टेकली की तो वितळून गळून पडतो. शिवाय आगीने पत्र्याच्या मागच्या बाजूचा रंग जळतो, तिथे हात पोचत नाही, आणि पुढच्या पावसाळ्यात गंज तिथूनच सुरू होतो. डिझेलची टाकी, वायरिंग, गादीचा फोम यांच्या शेजारी ठिणगी पाडणे किती धोक्याचे हे सांगायला नको. हल्लीच्या गाड्यांत बॅटरीची केबल न सोडता वेल्डिंग केल्यास अल्टरनेटर आणि इलेक्ट्रॉनिक सामान जळू शकते, तो खर्च वेगळाच.

झाकणारा पत्रा आणि भार पेलणारा पत्रा

हत्यार उचलण्याआधी एक गोष्ट पक्की करावी लागते. या लेखातले बाकीचे सगळे विसरले तरी चालेल, ही विसरू नये. गाडीचा काही पत्रा नुसता झाकण्यासाठी असतो आणि काही भार पेलण्यासाठी. वेल्डिंगशिवायची दुरुस्ती फक्त झाकणाऱ्या पत्र्याची.

जीप, पिकअप यांना खाली वेगळी चेसिस असते. त्यामुळे त्यांची मडगार्डे, बॉनेट, दाराचा बाहेरचा पत्रा, मागच्या फळ्या ही बहुतांशी झाकणे होत. पण खुद्द चेसिस, तिच्या आडव्या पट्ट्या, पाट्याची ब्रॅकेटे, स्टिअरिंगचे आधार, सीटचे आणि सीटबेल्टचे बोल्ट जिथे धरतात ती जागा, दाराच्या बिजागऱ्यांचा खांब, ट्रॉलीचा पुढचा दांडा, त्याचा हूक आणि पिन, यांपैकी काहीही गंजून सडले असेल तर रेझिन, रिव्हेट, लांबी यांचा तिथे काही संबंध नाही. तिथे जाड लोखंड घालून जाणकाराकडून वेल्डिंगच करून घ्यावे, किंवा तो भागच बदलावा. टनावारी ऊस भरलेली ट्रॉली चढाला लागते तेव्हा सगळी ओढ त्या दांड्यावर येते. त्यावर लांबी लावून रंग मारला तर दोष नाहीसा होत नाही. तो फक्त दिसेनासा होतो, आणि तेच जास्त वाईट.

मोटारगाडीची गोष्ट आणखी निराळी. हल्लीच्या बहुतेक मोटारींना स्वतंत्र चेसिस नसतेच. दाराखालचा उंबरा, पायाखालची फरशी, छताचे खांब हे सगळे मिळूनच गाडीचा सांगाडा होतो. २०१४ साली जिचे उत्पादन थांबले ती अम्बॅसॅडर बघा. दिसायला बैलासारखी दणकट, पण तिलाही वेगळी चेसिस नव्हती. अजून कुणाच्या वाड्यात एखादी उभी असेल तर तिचा उंबरा किंवा फरशी घरी ठिगळे लावून चालवू नये. दार, बॉनेट, पुढचे बोल्टने बसवलेले मडगार्ड एवढ्यावरच थांबावे.

आता ट्रॅक्टरच्या मागच्या मडगार्डाबद्दल स्पष्ट लिहितो, कारण इथे प्रश्न माणसाच्या जिवाचा आहे. कागदावर ते चिखल अडवणारे झाकण आहे. आपल्याकडे मात्र ती बैठक झालेली आहे. शेतावर जाताना एका मडगार्डावर घरची पोर, दुसऱ्यावर गडी, हे रोजचे दृश्य. मुळात तिथे बसूच नये. ट्रॅक्टर हा एका माणसाचा. पण सवय एका लेखाने जात नाही हेही आम्हांस ठाऊक आहे. म्हणून सांगणे असे की, मडगार्ड जिथे बोल्टने एक्सलच्या घराला किंवा ब्रॅकेटला धरलेले असते तिथे पत्रा गंजला असेल, तर त्याला ठिगळ न लावता मडगार्ड नवे घालावे. नवे मडगार्ड बाजारात तयार मिळते. बसलेल्या माणसाच्या वजनाने ती कड फाटली, तर तो माणूस पडतो तो थेट मागच्या चाकाखाली. मडगार्डाच्या मधल्या भागाला किंवा बाहेरच्या ओठाला भोक असेल तर पुढे दिलेली दुरुस्ती जरूर करावी; मात्र दुरुस्त केलेले मडगार्ड बसण्यासाठी नाही हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवावे.

गंज येतो कुठून

लोखंडाला हवा आणि पाणी दोन्ही मिळाले की गंज चढतो. एकटे पाणी किंवा एकटी कोरडी हवा फारसे काही करत नाही. झालेला गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. म्हणून तो आतून रंगाला उचलतो आणि फुगा दिसतो. फुगा दिसला म्हणजे खालचे काम बरेच दिवसांपूर्वी सुरू झालेले असते. गंज भुसभुशीत असल्याने ओल धरून ठेवतो आणि पुढचे लोखंड खात जातो.

आपल्या भागात समुद्र नाही, मग गाड्या इतक्या का सडतात? कारण मीठ आपण स्वतः गाडीत भरतो. म्युरेट ऑफ पोटॅश हे पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे खायच्या मिठाचा सख्खा भाऊ. गोणी फाटते, दाणे ट्रॉलीच्या कोपऱ्यात, पिकअपच्या फळीच्या खाचेत पडतात, हवेतली ओल ओढतात आणि तिथे खारट चिखल तयार होतो. अमोनियम सल्फेटाचेही तसेच. शेणखताची ओल, आंबलेला उसाचा रस, बॅटरीखाली सांडलेले ॲसिड यांची त्यात भर. आणि सर्वांत मोठा चोर म्हणजे पाचट. पाचटाचे तुकडे दाराच्या तळाशी, मडगार्डाच्या घडीत, जीपच्या मॅटखाली जाऊन बसतात आणि ओल्या फडक्यासारखे महिनोन् महिने ओल धरतात. दाराच्या तळाशी कारखानदाराने पाणी निघून जायला बारीक भोके ठेवलेली असतात, ती याने बुजतात. मग दार म्हणजे पाण्याची चपटी टाकी. दार नेहमी तळापासूनच का सडते याचे कारण हेच.

म्हणून नुसते भोक बुजवू नका, आधी पाणी कुठे थांबते ते शोधा. वरून बादलीभर पाणी ओतावे आणि ते कुठून उतरते, कुठे अडते ते पाहावे. काचेच्या रबराखालून पाणी आत जात असेल आणि आपण खालच्या फरशीला ठिगळ लावीत बसलो, तर वर्षभराने तेच काम पुन्हा.

खरवडणे : निम्मे काम इथेच

हत्यारे फार लागत नाहीत. तारेचा ब्रश, छिन्नी, लहान हातोडी, कानस, पत्र्याची कात्री, ड्रिल मशीन आणि ८०, १२०, २२०, ४०० नंबरचे पेपर. डोळ्यांना चष्मा, हाताला मोजे, तोंडाला फडके नव्हे तर धुळीचा मास्क. जुन्या गाड्यांच्या रंगात शिसे असू शकते. म्हणून तो पेपर पाणी लावून घासावा, धूळ उडवू नये, आणि लहान मुलांना त्या जागेपासून दूर ठेवावे. ग्राइंडर वापरणार असाल तर जवळपास पाचटाचा ढीग, डिझेलचा कॅन, कडब्याची गंजी नको. चाक काढायचे असेल तर जॅकवर विसंबू नये. खाली भक्कम लाकडी ठोकळे द्यावेत.

आधी फुग्याच्या भोवती हातोडीच्या दांड्याने हलके ठोकत जावे. धड पत्रा खणखणीत वाजतो, सडलेला बद्द वाजतो. शंका येईल तिथे दाभणाने टोचावे. दाभण आत गेले तर तो पत्रा गेलेला समजावा. रंग घासून काढायचा तो भोकाच्या कडेपर्यंत नव्हे, तर चारी बाजूंनी दोन-तीन बोटे पुढे, पांढरे स्वच्छ लोखंड लागेपर्यंत. पुष्कळांचा हात इथे आखडतो. रुपयाएवढे भोक घासल्यावर तळहाताएवढे होते आणि माणूस घाबरतो. घाबरू नये. ते भोक पहिल्यापासून तेवढेच होते, आता फक्त दिसू लागले. कागदासारखी पातळ झालेली कड कात्रीने कापून टाकावी आणि कोपरे गोल ठेवावेत, कारण टोकदार कोपऱ्यातून पत्रा चिरत जातो.

खड्ड्याखड्ड्यांत रुतलेला गंज ब्रशने पूर्ण निघत नाही. त्यासाठी बाजारात रस्ट कन्व्हर्टर नावाचे द्रावण मिळते. त्यात बहुधा फॉस्फोरिक ॲसिड किंवा टॅनिन असते. टॅनिनचे काम आपल्या घरात सगळ्यांनी पाहिलेले आहे: लोखंडी कढईत आवळा टाकला की काळाठिक्कर पडतो, तेच हे. कातडे काळे रंगवायला पूर्वी हिरडा आणि हिराकस वापरीत, तोही हाच प्रकार. द्रावण लावल्यावर तांबडा गंज काळा पडतो आणि स्थिर होतो. पण हे औषध उरल्यासुरल्या, घट्ट चिकटलेल्या गंजासाठी आहे. सुटणाऱ्या पापुद्र्यांवर ओतून काही उपयोग नाही. डब्यावर लिहिलेला वेळ पाळावा, धुवायला सांगितले असेल तर धुवावे, आणि पत्रा पूर्ण वाळू द्यावा.

संडास-बाथरूम साफ करायचे ॲसिड मात्र वापरू नये. गंज झपाट्याने निघतो हे खरे, पण ते हायड्रोक्लोरिक ॲसिड. त्याचे क्लोराइड पत्र्याच्या घडीत राहते आणि आठ दिवसांत दुप्पट गंज आणते. म्हणजे पुन्हा पोटॅशचीच कथा. तसेच पत्रा पुसायला डिझेल घेऊ नये. डिझेलचा तेलकट थर राहतो आणि त्यावर प्रायमर धरत नाही. स्वच्छ फडके आणि थिनर घ्यावे, तेही उघड्या हवेत, विडी-काडी लांब ठेवून.

आपल्या कारखान्याच्या दृष्टीने मौजेची एक गोष्ट इथे सांगतो. एक भाग मळी आणि नऊ भाग पाणी अशा द्रावणात गंजलेले लोखंड बुडवून ठेवले तर एक-दोन आठवड्यांत गंज सुटून येतो. जुन्या मोटारी दुरुस्त करणारे परदेशातले हौशी लोक ही युक्ती आवडीने वापरतात. वास मारतो, फेस येतो, वेळ लागतो, पण धड लोखंडाला फारसा धक्का लागत नाही. बिजागऱ्या, क्लॅम्प, ब्रॅकेट अशा सुट्या लोखंडी भागांना हे ठीक. ॲल्युमिनियम किंवा जस्ताचे भाग त्यात टाकू नयेत, ते खराब होतात. मात्र मळीवर राज्य उत्पादन शुल्क खात्याचे नियंत्रण असते. तेव्हा कारखान्यातून डबाभर मळी न्यावी म्हणून शेती खात्याच्या माणसांना भरीला घालू नये ही विनंती. किराणा दुकानातले लिंबूसत लिटरभर पाण्यात पन्नास ग्रॅम विरघळवून त्यात रात्रभर भाग बुडवला तरी काम होते. नंतर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच वाळवावे आणि त्याच दिवशी प्रायमर लावावा.

भोक बंद करणे

टाचणीच्या डोक्यापासून हरभऱ्याएवढ्या भोकांना दोन भागांची इपॉक्सी पुट्टी पुरते. एम-सील या नावाने ती आपल्या सगळ्यांच्या ओळखीची. दोन्ही गोळे एकसारखा रंग येईपर्यंत मळावेत, मागून दाबून बसवावेत म्हणजे भोकातून थोडी पुट्टी पुढे येऊन मागेपुढे बटणासारखी पकड धरते. बादलीला डाग देणारा कारागीर गावात असेल तर स्वच्छ पत्र्यावरच्या बारीक भोकांना डागही चालतो. मात्र डागासाठी लावलेले ॲसिड धुऊन काढले पाहिजे, आणि डिझेल टाकीला घरी डाग देण्याच्या भानगडीत कुणी पडू नये. रिकाम्या टाकीतली वाफच पेट घेते.

मोठ्या भोकाला दोन मार्ग आहेत. एक फायबरचा, दुसरा रिव्हेटच्या ठिगळाचा. गोलाई असलेली जागा, उदाहरणार्थ मडगार्डाचा ओठ किंवा दाराचा वळलेला तळ, असेल तर फायबर बरे. सपाट आणि हादरे खाणारी जागा असेल तर ठिगळ.

फायबरसाठी काचेच्या धाग्यांची चटई, रेझिन आणि हार्डनर लागतो. रेझिन दोन जातींचे. पॉलिएस्टर स्वस्त, पण लोखंडाला बेताचेच चिकटते. इपॉक्सी महाग, पण लोखंडाला घट्ट धरते आणि पाणी अडवते. आमचा कौल इपॉक्सीला. एका मडगार्डाला रेझिन लागते ते किती! तेवढ्यासाठी चिक्कूपणा करू नये. इपॉक्सीत दोन्ही भागांचे प्रमाण डब्यावर असते तसेच मोजून घ्यावे; "थोडा हार्डनर जास्त टाकला म्हणजे लवकर वाळेल" हा हिशेब इपॉक्सीला लागू नाही, उलट ते चिकट राहते.

ज्यांना पॉलिएस्टरच वापरायचे आहे त्यांनी पुढचा मजकूर दोनदा वाचावा. पॉलिएस्टर रेझिनमध्ये दोन औषधे पडतात, एक जांभळट रंगाचे कोबाल्ट आणि दुसरा पाण्यासारखा हार्डनर. ही दोन कधीही एकमेकांत थेट मिसळू नयेत. भडका उडतो, स्फोटही होऊ शकतो. दुकानदाराने कोबाल्ट आधीच रेझिनमध्ये घातले आहे का ते विचारावे. नसेल तर आधी रेझिनमध्ये कोबाल्ट घालून पूर्ण ढवळावे आणि लावायच्या वेळी मगच हार्डनर घालावा. हार्डनर साधारण शंभर ग्रॅम रेझिनला एक ते दोन ग्रॅम. हा हार्डनर डोळ्यात उडाला तर दृष्टी जाऊ शकते. चष्म्याशिवाय बाटली उघडू नये. उडालाच तर पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याने डोळा धुवावा आणि तडक दवाखाना गाठावा. दोन्ही बाटल्या वेगवेगळ्या जागी, सावलीत आणि मुलांच्या हाताबाहेर ठेवाव्यात. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत तर कधीच नाही.

काम सकाळी करावे. मे महिन्याच्या दुपारी तापलेल्या पत्र्यावर रेझिन ब्रश फिरवायच्या आत घट्ट होते. शक्य असेल तर चटई मागच्या बाजूने लावावी. पहिला तुकडा भोकापेक्षा चारी बाजूंनी दोन बोटे मोठा, दुसरा आणि तिसरा थोडे थोडे मोठे. पत्र्यावर आधी रेझिनचा हात, त्यावर चटई, मग ब्रशने ठोकत ठोकत हवेचे बुडबुडे बाहेर काढावेत. चटई पांढरी दिसते तोवर ती कोरडी आहे; पूर्ण भिजली की पारदर्शक होते. पुढच्या बाजूने रेझिन ओघळू नये म्हणून पुठ्ठ्यावर प्लास्टिकचा कागद ताणून तो टेकवून बांधावा. सायलेन्सरच्या जवळ मात्र फायबर किंवा पुट्टी लावू नये, उष्णतेने ती मऊ पडते.

ठिगळाची रीत बैलगाडीच्या काळापासूनची. पुठ्ठ्याचा नमुना कापून तो भोकावर धरून पाहावा, भोकापेक्षा चारी बाजूंनी इंचभर मोठा. त्यावरून २० किंवा २२ गेजचा जस्ती पत्रा कापावा आणि कडा कानशीने घासाव्यात. ठिगळ आतून लावायचे. भोके पाडण्याआधी मागे वायर, ब्रेकची नळी किंवा टाकी नाही ना हे डोळ्यांनी पाहून घ्यावे. एक सुताची, म्हणजे ३.२ मिलिमीटरची, पॉप रिव्हेट इंच-दीड इंचाच्या अंतराने पुरते. गॅरेजवाले जिला 'रिपीट' म्हणतात तीच ही. आधी चार कोपऱ्यांत चार रिव्हेटा, मग समोरासमोर मधल्या, म्हणजे पत्रा ओढला जात नाही.

परंतु नुसत्या रिव्हेटा मारल्या तर दोन पत्र्यांच्या मध्ये पाणी शिरते आणि तिथे गंज नव्याने घर करतो. ठिगळ बसवण्याआधी दोन्ही पत्र्यांच्या समोरासमोरच्या बाजू घासून इपॉक्सी प्रायमर लावावा, आणि मध्ये इपॉक्सी चिकटवणी किंवा गाडीच्या सांध्यांना भरतात ते सीलंट चोपडून मगच रिव्हेटा ओढाव्यात. कडेने बाहेर आलेले सीलंट बोटाने चारी बाजूंना फिरवून घ्यावे. रिव्हेटा शक्य तर लोखंडी घ्याव्यात. ॲल्युमिनियमच्या स्वस्त आणि सोप्या, पण खारट ओलीत लोखंडाला लागून त्याच आधी झिजतात; वापरल्याच तर डोकी सीलंटने झाकावीत. तांब्या-पितळेच्या मात्र नकोत. त्या स्वतः टिकतात आणि शेजारचे लोखंड खातात. नव्या जस्ती पत्र्यावर साधा ऑइलपेंट थेट मारला तर काही महिन्यांत सालासारखा सुटतो. त्याला इपॉक्सी किंवा जस्तासाठीचा खास प्रायमर आधी हवाच.

लांबी, रंग आणि पाण्याची वाट

लांबी म्हणजे शेवटचा हात. ती भोक बुजवायला नाही, उंचसखलपणा मोडायला आहे. लांबीत बारीक छिद्रे असतात, ती ओल शोषते. मागून उघडी राहिली तर स्पंजासारखी पाणी पिऊन पत्र्यापासून सुटते. दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड थर देऊ नये. जास्त खड्डा असेल तर थरांवर थर, प्रत्येक वाळवून. ८० नंबरने आकार, १२० आणि २२० ने सफाई, प्रायमरनंतर ४०० पाणी लावून. दिसण्यापेक्षा टिकणे महत्त्वाचे असलेल्या ट्रॉलीला, ट्रॅक्टरला लांबी नाही लावली तरी बिघडत नाही.

प्रायमरचे दोन हात, मध्ये पुरेसा वेळ देऊन. त्यावर सिंथेटिक इनॅमल ब्रशने किंवा स्प्रेच्या डब्याने. गॅरेजमध्ये मारतात तो दोन भागांचा पीयू रंग घरी फवारू नये. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते, ते श्वासावाटे गेल्यास दम्यासारखा कायमचा विकार जडू शकतो. साध्या मास्कने ते अडत नाही.

आतली बाजू लोक विसरतात. बाहेरून आरशासारखा रंग आणि आतून उघडे लोखंड, असे दार दोन पावसाळे काढत नाही. आतही प्रायमर आणि रंग लावावा, आणि हात न पोचणाऱ्या पोकळीत गाडीसाठी मिळणारे मेणाचे फवारे मारावेत. जळके इंजिन ऑइल मारण्याची आपल्याकडे चाल आहे. थोडे दिवस ते पाणी अडवते हे खरे, पण धूळ धरते, रबर फुगवते, मातीत गळते आणि पुढे कधी तिथे रंग लावायचा म्हटला तर काही केल्या धरत नाही. आम्ही तरी ते लावू नका असेच सांगू. दाराच्या तळाची पाण्याची भोके रंग वाळल्यावर तारेने मोकळी करावीत. दुरुस्तीच्या भरात तीच लांबीने बुजवून टाकलेली गाडी गॅरेजमध्ये नेहमी येते. ट्रॉलीची मागची फळी रंगवली असेल तर रिफ्लेक्टर आणि चमकणाऱ्या पट्ट्या त्याच दिवशी परत लावाव्यात. "हंगामाला अजून वेळ आहे" म्हणून ठेवलेले रिफ्लेक्टर कोनाड्यातच राहतात आणि ट्रॉली रात्री अंधारी रस्त्यावर उतरते.

जुनी जीप किंवा पिकअप विकत घ्यायला निघालेल्या सभासदांना याच ज्ञानाचा एक उपयोग. खिशात फडक्यात गुंडाळलेले लहानसे लोहचुंबक ठेवावे आणि मडगार्ड, दाराचा तळ, पायाखालची फरशी यांवरून फिरवावे. पत्र्याला चुंबक चटकन ओढले जाते. लांबी किंवा फायबर असेल तिथे धरत नाही. दारात लांबी सापडली तर किमतीत घासाघीस करावी. चेसिसला किंवा तिच्या जोडाला नवा काळा रंग आणि त्याखाली लांबी सापडली, तर मालक कितीही ओळखीचा असो, चहा पिऊन परत यावे.

काम झाल्यावर पहिला मोठा पाऊस पडून गेला की दुसऱ्या दिवशी मॅट उचलून, दार उघडून ठिगळाची आतली बाजू हाताने चाचपावी. ओल लागली तर सीलंट कुठेतरी सुटले आहे. तेवढीच जागा वाळवून पुन्हा भरली तर बाकीचे काम वाचते. आणि खताची खेप उतरल्यावर ट्रॉली नुसती झाडू नये, त्याच संध्याकाळी कोपऱ्याकोपऱ्यांतून पाण्याने धुवावी आणि पाणी निघून जाईल अशी थोडी उतारावर उभी करावी.